शब्दाची मात्रा

मराठीत 'मात्रा' या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. एक मात्रा अक्षराच्या माथ्यावर असते, दुसरी वैद्याच्या खलात. पहिली चुकली तर अर्थ बिघडतो, दुसरी चुकली तर माणूस. पेशवाईतील 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपल्या घरोघरी सांगितली जाते. ती खरी की खोटी हा वाद इतिहासकारांचा; पण एका अक्षरापायी एका पोराचा जीव जाऊ शकतो, ही गोष्ट त्या कथेने आपल्याला कायमची पटवून दिली आहे. औषधांचा कायदा हे असे ठिकाण आहे, की जेथे या दोन्ही मात्रा एकत्र येतात. तेथे अक्षर चुकले, की त्याचा परिणाम कधी ना कधी रोग्याच्या उशापर्यंत पोचतो. म्हणूनच संसदेत असा कायदा चर्चेला येतो तेव्हा वर्तमानपत्रातील ती बातमी आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी वाचावी तशी, अक्षर न् अक्षर लावून वाचतो.

आम्ही काही कायदेपंडित नव्हे. इंदुरात आमच्या वडिलांनी औषधांचे दुकान घातले, त्यांच्यामागे आम्ही ते चालविले आणि आता आमचा पुतण्या गल्ल्यावर बसतो. औषधविक्रेत्याला कायदा ग्रंथरूपाने फारसा भेटत नाही. तो भिंतीवर चौकटीत लावलेल्या परवान्यातून, बिलावर लिहिलेल्या बॅच नंबरातून, गोळ्यांच्या पाकिटावरील तांबड्या रेघेतून आणि वर्षातून केव्हा तरी अवचित दारात उभ्या राहणाऱ्या औषध निरीक्षकाच्या रूपाने भेटतो. पण असा भेटलेला कायदा माणूस विसरत नाही.

२०२३ च्या ऑगस्टात पुतण्या मोठ्या आनंदाने सांगत आला, "काका, कायदा बदलला. आता बारीकसारीक चुकीसाठी दुकानदाराला कोर्टाचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत." तो बोलत होता ते 'जन विश्वास' या नावाच्या विधेयकाविषयी. लोकसभेने ते २७ जुलै २०२३ रोजी आणि राज्यसभेने २ ऑगस्ट रोजी संमत केले होते. टपाल, वने, रेल्वे, चहा अशा नाना विषयांवरील ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी त्या एका विधेयकाने बदलल्या. किरकोळ चुकांसाठी तुरुंगाची भीती नसावी, व्यवहार सुकर व्हावा, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला, आणि तो हेतू वाईट आहे असे कोण म्हणेल? त्या ४२ कायद्यांच्या गर्दीत १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदाही होता. त्याच्या सत्ताविसाव्या कलमातील चौथ्या पोटकलमाखालचा गुन्हा यापुढे दंड भरून मिटविता येईल, असे त्यात आले. पुतण्याला आनंद झाला. आम्हांलाही झाला, पण अर्धाच.

हे सत्ताविसावे कलम म्हणजे औषधांच्या गुन्ह्यांचे शिक्षापत्रक आहे. त्याच्या पहिल्या पोटकलमात ज्या भेसळीच्या किंवा बनावट औषधाने मृत्यू अगर गंभीर इजा होईल त्याची शिक्षा आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर ती किमान दहा वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी आहे. दुसऱ्यात इतर भेसळ आणि बिनपरवाना धंदा. तिसऱ्यात इतर बनावट औषधे. येथवर सारे स्पष्ट आहे. चौथे पोटकलम मात्र निराळ्या जातीचे आहे. या प्रकरणाचा किंवा त्याखालील नियमांचा 'इतर कोणताही' भंग त्यात येतो. शिक्षा एक ते दोन वर्षे कैद आणि निदान वीस हजार रुपये दंड. 'इतर कोणताही' हे दोन शब्द घरातल्या अडगळीच्या पेटीसारखे आहेत. ज्याला स्वतंत्र जागा सापडली नाही ते सारे त्या पेटीत. लेबलावरचा मजकूर चुकला, तो येथे. चिठ्ठीवाचून विकू नये ते औषध विकले, ते येथे. आणि ज्या गोळीत पाचशे मिलिग्रॅम औषध असावयाचे त्या गोळीत ते निम्मेच निघाले, भेसळ नाही, बनावटही नाही, केवळ 'दर्जाहीन', तर तिचाही मुक्काम येथेच.

या पेटीचा अनुभव आमच्या घराने घेतला आहे. १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याकडून रीतसर बिलाने घेतलेल्या गोळ्यांचा नमुना निरीक्षकांनी आमच्या दुकानातून नेला. कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. एक दुकानदाराला, एक सरकारी विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक औषध करणाऱ्याला. अहवाल आला, की गोळी ठरलेल्या वेळात फुटत नाही. म्हणजे ती पोटात जाईल, पण उपयोगी पडेलच असे नाही. खटला झाला. गोळी करणारा परराज्यातला, व्यापारी इथला आणि तिसरे आमचे वडील. इकडच्या बोलीत सुनावणीच्या तारखेला पेशी म्हणतात. त्या पेशींना वडील सहा वर्षे गेले. सकाळी दुकानाची किल्ली आमच्या हाती द्यायची, धोतर-कोट घालून निघायचे आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परतायचे, असा तो क्रम होता. माल परवानाधारकाकडून घेतला, नीट ठेवला आणि दोष ठाऊक नव्हता, एवढे सिद्ध करणाऱ्या विक्रेत्याला एकोणिसाव्या कलमाने संरक्षण दिले आहे. त्या आधारे ते अखेर सुटले. घरी आल्यावर त्यांनी कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "गुन्हा आपला नव्हता हे ठरायला सहा वर्षे गेली. आणि ती गोळी बिघडली कशी, ते काही ठरलेच नाही."

त्यांचे हे दोन्ही उद्गार आम्ही आजवर विसरलो नाही. पहिल्याने पुतण्याचा आनंद आम्हांला समजतो. निरपराध दुकानदाराने सहा वर्षे कोर्टात बसावे, याची गरज नव्हती. पण दुसरा उद्गारही तितकाच खरा आहे. ज्यांनी त्या गोळ्या आमच्याकडून विश्वासाने नेल्या त्यांचे काय झाले, हा प्रश्न त्या खटल्यात कोणी विचारला नाही. विष पोटात गेले तर पंचनामा होतो. निःसत्त्व गोळीचा पंचनामा होत नाही. ताप उतरत नाही, डॉक्टर औषध बदलतात, घरची माणसे म्हणतात, "औषध लागू पडले नाही"; कोणी डॉक्टरांच्या हाताला गुण नाही म्हणतो, कोणी नशिबाला बोल लावतो. अपुऱ्या मात्रेत वाचलेले जंतू मात्र पुढच्या खेपेस अधिक चिवट होऊन येतात. गोळीवर कोणाचाच संशय जात नाही.

२०२३ साली ही शंका काढणारे आम्ही एकटे नव्हतो. औषधांच्या दर्जाविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी ती जाहीरपणे मांडली. त्यावर आरोग्य खात्याने खुलासा केला, की बनावट आणि भेसळीच्या औषधांच्या शिक्षा जशाच्या तशा आहेत. चौथ्या पोटकलमात किरकोळ स्वरूपाचे दोष येतात. खुलाशाचा पहिला भाग अक्षरशः खरा आहे. दुसऱ्या भागाविषयी आमच्यासारख्या दुकानदाराचे म्हणणे इतकेच, की त्या पोटकलमात किरकोळ दोषही येतात आणि किरकोळ नसलेलेही येतात. कारण ते लिहितानाच दोहोंत रेघ ओढलेली नाही. दुकानात दिसायला सारखी आणि गुणाने वेगळी औषधे आम्ही एका खणात ठेवीत नाही. शेड्यूल एक्समधली औषधे तर कुलपात ठेवण्याचा नियमच आहे. जी शिस्त कायदा आमच्या फळीला लावतो ती त्याने स्वतःच्या पोटकलमाला लावू नये काय? आधी पेटीतल्या वस्तू निवडून वेगळ्या करायच्या आणि मग कोणत्या वस्तूला किती सैल सोडायचे ते ठरवायचे, हा सरळ क्रम. येथे पेटी न उघडता नुसते कुलूप बदलले गेले.

मग संसदेने हे पाहिले नाही काय? न्यायाने बोलायचे तर विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये मांडले गेले तेव्हा ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले होते आणि मार्चमध्ये समितीचा अहवालही आला. पण ४२ कायद्यांची मोट एकत्र बांधली म्हणजे एकेका कायद्याच्या वाट्याला किती लक्ष येणार? जुलैच्या त्या दिवशी मणिपूरच्या प्रश्नावरून लोकसभेत गदारोळ चालू होता आणि त्या गदारोळातच विधेयक संमत झाले. मणिपूरचा प्रश्न लहान नव्हता. सभागृहाने त्यावर बोलावे ही मागणीही गैर नव्हती. तथापि त्या आवाजात एका पोटकलमातील दोन शब्द कोणाच्या कानी पडावेत, ही अपेक्षाच व्यर्थ होती. दोष कोणत्या बाकांचा, याचा निवाडा आम्ही करीत नाही. रोगी कोणत्या बाकावर बसत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

सभागृहात असे वाचन होतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. याच कायद्याच्या जन्माची कथा त्याच्या उलट आहे. पहिल्या महायुद्धानंतर देशात औषधांचा सुळसुळाट झाला होता. हिवतापावरचे क्विनीनदेखील शुद्ध मिळण्याची शाश्वती नव्हती. तेव्हा कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली चौकशी समिती नेमली गेली. पुढे १९३७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळापुढे जे विधेयक आले त्यात केवळ परदेशातून येणाऱ्या औषधांवर नियंत्रण होते. निवड समितीने मसुदा तपासला आणि सांगितले, की एवढ्याने भागणार नाही. देशात औषध बनविणे आणि विकणे यांवरही सर्वत्र सारखे नियंत्रण असलेला व्यापक कायदा हवा. हा विषय प्रांतांच्या अखत्यारीतला असल्याने प्रांतांकडून ठराव करून घेण्यात आले आणि मग १९४० मध्ये नवा कायदा झाला. परकी सत्तेखालच्या, हात बांधलेल्या त्या कायदेमंडळाच्या समितीने मसुदा अपुरा आहे असे म्हणण्याचे धैर्य दाखविले आणि तीन वर्षे थांबून पुरा मसुदा मिळविला.

आपल्या वाचकांना यातली एक बाब जवळची वाटेल. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर, निजामाचे हैदराबाद येथे तो लागू नव्हता. संस्थाने विलीन झाल्यावर १९५१ मध्ये तो मध्य भारत आणि हैदराबादेत आला. गोव्यात तर तो मुक्तीनंतर, १९६३ साली पोचला. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी आयुष्याचा मोठा भाग या कायद्याच्या छायेबाहेर काढला. दुकानदाराची पत हाच तेव्हा दर्जाचा दाखला असे. कायदा आल्यावर त्या पतीला कागदाचा आधार मिळाला. म्हणून त्या कागदावर काय लिहिले आहे, याची आम्हांला इतकी काळजी.

कायदा अपुरा असला तर काय होते, हे त्याच १९३७ च्या शरद ऋतूत अमेरिकेने पाहिले. तेथे एका कारखान्याने सल्फा जातीचे नवे औषध मुलांना घेता यावे म्हणून गोड द्रवात मिसळले. तो द्रव होता डायएथिलिन ग्लायकॉल. मूत्रपिंडे निकामी करणारे विष. शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत कितीतरी मुले होती. तेव्हा त्यांचा कायदा होता १९०६ चा, आणि औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक आहे की नाही हे तपासावे, असा शब्दच त्यात नव्हता. बाजारातला माल परत गोळा करायला सरकारला आधार सापडला तो वेगळ्याच अक्षराचा. बाटलीवर 'एलिक्झिर' असे लिहिले होते, आणि एलिक्झिर म्हटले की त्यात मद्यार्क असला पाहिजे. तो नव्हता, म्हणून लेबल खोटे! बाटलीवर 'द्रावण' असे लिहिले असते तर कायद्याला बोटही लावता आले नसते. अनेक वर्षे काँग्रेसमध्ये रखडलेला सुधारणेचा मसुदा मग जून १९३८ मध्ये कायदा झाला. जे वादविवादाने व्हायला हवे होते ते प्रेतयात्रांनी झाले.

स्वतंत्र भारताच्या संसदेलाही आपले शब्द पुन्हा तपासावे लागले आहेत. १९५४ साली चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. हेतू उत्तम होता. गंडे, ताईत आणि गुप्तरोगांवरील रामबाण औषधे यांच्या जाहिरातींनी गांजलेल्या देशाला तो हवाच होता. पण कोणकोणत्या रोगांच्या जाहिराती निषिद्ध, हे सांगताना काही रोगांची नावे देऊन पुढे 'नियमांत नमूद केला जाईल असा अन्य कोणताही रोग' असे लिहून संसदेने बाकीचे काम सरकारवर सोपविले. कोणत्या कसोटीवर रोग निवडायचे, ते लिहिले नाही. डिसेंबर १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा हेतू उचलून धरला. पण तेवढे शब्द रद्द केले. १९६३ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि कायद्याच्या शेवटी ५४ रोगांची यादी जोडली. पुन्हा तोच 'अन्य कोणताही'! हे शब्द मसुदाकाराला सोयीचे असतात. कारण जेथे विचार थांबतो तेथे ते हजर होतात.

शब्द अधिक झाल्याने जसे बिघडते तसे एखादा शब्द राहून गेल्यानेही बिघडते. १९८२ च्या दुरुस्तीने औषध कायद्यात '२६ अ' हे कलम आले. अपायकारक किंवा निरुपयोगी औषधावर लोकहितार्थ बंदी घालण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. बंदीपूर्वी तज्ज्ञांच्या तांत्रिक सल्लागार मंडळाला विचारलेच पाहिजे की नाही, याबद्दल कलम गप्प आहे. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ संयुक्त औषधांवर एकदम बंदी घातली तेव्हा ते मौन बोलू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सल्ला आवश्यक मानून बंदी रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की सल्ला बंधनकारक नाही. तथापि या औषधांची तपासणी मंडळानेच नव्याने करावी. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. या अडीच वर्षांत आम्ही फळीवरची खोकी कितीदा उतरविली आणि कितीदा परत चढविली, ते सांगत नाही. पण गिऱ्हाईक विचारी, "हे औषध वाईट असेल तर काल का दिले? आणि चांगले असेल तर आज का देत नाही?" त्याला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. एका वाक्याने ते देता आले असते, आणि ते वाक्य १९८२ मध्ये लिहायला हवे होते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याच राज्यातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला नेले होते. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत ज्याने मुले मारली तेच हे विष. हा गुन्हा चौथ्या पोटकलमाचा नव्हे. अशा विषासाठी कायद्यात कडक शिक्षा आहेच, आणि ती असूनही मुले गेली, हेही मान्य केले पाहिजे. शब्द अचूक लिहिले म्हणजे सारे झाले, असे आम्ही म्हणत नाही. तपासणीस माणसे लागतात, प्रयोगशाळा लागतात, नियत लागते. परंतु त्या आठवड्यात आमच्या दुकानी एक तरुण आई खोकल्याची बाटली हातात घेऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "दादा, हे चांगले आहे ना?" बाटलीवर परवाना क्रमांक होता, बॅच नंबर होता, तारीख होती. कायद्याने सांगितलेले सारे होते. तिला बाटलीची नव्हे, त्या अक्षरांची खात्री हवी होती. पुतण्याने बाटली परत फळीवर ठेवली आणि तिला मध व आल्याचा रस सांगून डॉक्टरांकडे पाठविले. त्या रात्री दुकान बंद करताना तो आपणहून म्हणाला, "काका, दर्जाहीन गोळी आणि चुकलेले लेबल यांना वेगळे खण हवेत, हे तुमचे म्हणणे पटते. पण आजोबांसारखी सहा वर्षे मलाही नकोत." आमचे त्यावर दुमत नाही. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसू शकतात. त्यासाठी कोणीतरी बसून त्या लिहिल्या पाहिजेत.

जुलै २०२२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने १९४० च्या कायद्याच्या जागी आणावयाच्या नव्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागविली होती. असे मसुदे येतात, त्यांच्या मुदती संपतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आपल्या मंडळांतून व्याख्यानमाला होतात, वाचनालयांत वर्तमानपत्रे येतात, प्रत्येक गावच्या मराठी वस्तीत एखादा डॉक्टर, एखादा वकील आणि एखादा औषधविक्रेता असतोच. तिघांनी एक संध्याकाळ एकत्र बसून असा मसुदा वाचावा, जेथे 'इतर कोणताही' दिसेल तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि आपल्या भागाच्या खासदारांना मुदतीत पत्र धाडावे. खासदार ते वाचतील की नाही, सांगवत नाही. पण आम्ही आमच्या दुकानाच्या पत्त्यावरून एक पत्र लिहून ठेवले आहे. त्यात चौथ्या पोटकलमाचे दोन भाग कसे करावेत एवढेच मांडले आहे. खाली पुतण्याचीही सही आहे.